बेडसे लेण्यांच्या पायथ्याशी आलेला कॉल

सुट्टी मंजूर झाली ती आदल्या संध्याकाळी, आणि तीही ‘फोन चालू ठेव’ या अटीवर. तरीही शिवाजीनगरहून लोणावळ्याची लोकल सुटली तेव्हा खिडकीशी बसून मी एकटीच हसले. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मला सतरा वर्षं झाली. आता सात जणांच्या टीमची मी लीड आहे. परदेशातल्या एका ग्राहकाची यंत्रणा अखंड चालू ठेवणं हे आमचं काम. महिनाभर ऑफिसात नोकरकपातीची कुजबुज चालली होती आणि इकडे माझं ब्लडप्रेशर वाढत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “एक दिवस तरी कुठेतरी जाऊन या.” म्हणून बेडसे लेणी. सॅकमध्ये पाण्याची बाटली, दोन संत्री आणि लॅपटॉप. तो घरी ठेवायचं धाडस काही झालं नाही.

देहूरोडनंतर डबा रिकामा होत गेला. घोरावाडीला एक बाई पेरूची पाटी घेऊन चढली आणि डबाभर वास पसरला. तळेगाव मागे पडल्यावर डोंगर जवळ आले. भाताची कापणी उरकलेली, खाचरांत (बांध घातलेल्या भातशेतांत) नुसते पिवळे खुंट राहिलेले. कामशेतला उतरून मी रिक्षा केली.

लेण्यांच्या पायऱ्यांपाशी सुनंदा मावशींचं सरबताचं दुकान आहे, म्हणजे एक टेबल आणि वर ताडपत्री. “दमानं चढा, ताई. वर कुनी न्हाई आज,” त्या म्हणाल्या.

खरंच कोणी नव्हतं. चैत्यगृहासमोरचे उंच खांब, त्यांच्या माथ्यावर प्राण्यांवर स्वार झालेली दगडी जोडपी, आणि थेट आत स्तूपापर्यंत पोचलेलं सकाळचं ऊन. मी भिंतीला टेकून बसले. फोनला रेंज नाही हे दिसलं होतं, पण उठावंसं वाटलं नाही. कित्येक महिन्यांनी मी कशाचीच वाट न पाहता बसले होते.

उतरताना अर्ध्या वाटेवर फोन जागा झाला. अकरा मिस्ड कॉल, सगळे माझ्या मॅनेजरचे, अभिजितचे. लावला तर तो ओरडलाच, “आहेस कुठे? क्लायंटची सिस्टीम बंद पडलीय! पंधरा मिनिटांत ऑनलाइन ये.” आणि आवाज तुटला.

धावत खाली आले. माझा चेहरा पाहून मावशींनीच विचारलं, “काय झालं, ताई? रेंज पायजे का? मग आमच्या घरी चला. गच्चीवर लय चांगली येती. माझी प्राची तितंच बसून अभ्यास करती.”

घर दोन मिनिटांवर होतं. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी मुलीला बारावीत मिळालेलं प्रशस्तिपत्र फ्रेम करून लावलेलं. प्राची लोणावळ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने पटकन आपल्या फोनवरून इंटरनेट जोडून दिलं. गच्चीवर वाळत घातलेल्या पावट्यांच्या कडेला मी बसले, पण उन्हामुळे स्क्रीनवर काही दिसेना. ती खाली पळाली, छत्री घेऊन आली आणि माझ्या डोक्यावर धरून उभी राहिली.

चूक सापडली. आदल्या दिवशी टीममधल्या निलेशने प्रोग्रॅममध्ये केलेल्या बदलात एक ओळ चुकली होती. तो बदल मागे घेतला, वीसेक मिनिटांत सिस्टीम सुरू झाली. मग अभिजितचा पुन्हा फोन. इअरफोन घरी राहिलेले, म्हणून स्पीकरवर. पाच मिनिटं तो बोलत होता आणि मी ‘सॉरी’ म्हणत होते. शेवटी त्याने विचारलं, “चूक कोणाची? मला आत्ता नाव हवंय. वर कपातीची यादी जाणार आहे.”

निलेशचं नाव ओठांवर आलं होतं. दोन आठवडे तो नाईट शिफ्ट करत होता, घरी दीड महिन्याचं बाळ. पण दया आली म्हणून मी थांबले, असं लिहिलं तर ते खोटं होईल. तो बदल तपासून मंजूर करणारी मीच होते. दोन मीटिंगांच्या मधे, एक ओळही न वाचता, मी मंजुरीचं बटण दाबलं होतं.

“बदल न वाचता मी पास केला. माझं नाव लिही.”

“विचार करून बोल. तुझं प्रमोशन अडकलंय यात.”

“केलाय विचार.”

तो एकदम खालच्या आवाजात म्हणाला, “माझीही मान अडकलीय गं.” त्याने फोन ठेवला. त्याच्या दोन मुलींच्या शाळेच्या फीची ओढाताण मला ठाऊक होती. मला त्याचा राग आला नाही.

छत्री अजून माझ्या डोक्यावरच होती. प्राची म्हणाली, “मॅडम, तुमच्यासारख्या अनुभवी माणसालाही असं बोलतात?”

“कधीतरी,” मी म्हणाले.

मावशींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी, इंद्रायणीचा वाफाळता भात. वाढता वाढता त्या म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यात कंपन्या येत्यात हिच्या कॉलेजात. चांगली असती ना वो ही नोकरी? आमी लय आशेनं शिकवलीय.” प्राची ताटाकडे बघत होती. “चांगली असते,” मी म्हटलं आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

दुपारी तिला कॉलेजला जायचं होतं. मीही लोणावळ्यापर्यंत तिच्यासोबत निघाले. लोकलमध्ये शेजारी बसल्यावर मी म्हणाले, “मघाशी आईसमोर अर्धंच सांगितलं. भीती वाटते गं. उद्या आपण नको झालो तर, ही भीती सतरा वर्षांत गेली नाही. घरी जेवतानाही फोन ताटाशेजारी असतो.”

“मग मुलाखतीला जाऊ नको का?”

“तुला हे काम आवडतं?”

तिने मळवली येईपर्यंत विचार केला. “अडलेला प्रोग्रॅम चालला ना, की मला सडकून भूक लागते.”

मी खळखळून हसले. मघाशी ताटावर तीन भाकऱ्या मीही संपवल्या होत्या. “मग जा. फक्त दमल्यावर दमले म्हणायला शिक. मी तसं कधी म्हटलं नाही, म्हणून आज एवढं झालं.”

लोणावळ्याला ती कॉलेजकडे वळली. बाजारात एका कंपनीची सहल आली होती, सगळे एकसारख्या टी-शर्टात. त्यांच्यातला एकजण बसच्या मागे उभा राहून, एक कान बोटाने बंद करून, हळू आवाजात कोणाला तरी समजावत होता. मी त्याच्याकडे पाहून मान हलवली. त्यानेही हलवली.

परतीच्या गाडीत निलेशचा फोन आला. त्याला सगळं कळलं होतं. “मॅडम, ती ओळ माझ्या हातून चुकली होती,” तो म्हणाला. मी त्याला दोन दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं, आणि ती मंजूर करताना कुठलीही अट घातली नाही.

प्रमोशन गेलं. यादीत आमच्यापैकी कोणी नव्हतं, या खेपेला तरी. ऑफिस बदललं नाही. पण आता माझ्या टीममध्ये दमलेला माणूस तसं सांगतो आणि त्याचं काम दुसरा घेतो. सुरुवातीला सगळ्यांनाच अवघड गेलं, सर्वांत जास्त मला.

तीन आठवड्यांनी प्राचीचा मेसेज आला: “सिलेक्ट झाले. आई रडतेय. मला भीती वाटतेय.”

मी लिहिलं, “मलाही वाटते. पहिल्या दिवशी काम संपलं की फोन कर.”