रंगपंचमीच्या उपाधीला पुण्याचं उत्तर

माझे वडील आणि दादाचे वडील इंदूरच्या एकाच मिलमध्ये होते. दादा म्हणजे ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा, वयानं मोठा. मिल बंद पडली आणि दोन्ही घरं आमच्या पगारावर आली. इंदूरजवळच्या हातोदच्या शाळेत शिकलेल्या, घरातल्या पहिल्या ग्रॅज्युएटला, म्हणजे मला, पुण्याच्या कंपनीच्या इंदूर शाखेत कॉम्प्युटरसमोर खुर्ची मिळाली, याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. पण त्या खुर्चीत बसून जे वाचलं, त्याची किळस अजून जात नाही.

रंगपंचमीला कामगार मिलच्या फाटकावर खडूनं एकमेकांना गमतीच्या उपाध्या लिहीत. मॅनेजरलाही सोडत नसत. ज्याला उपाधी मिळत नसे, तो रुसून बसे. एका वर्षी दादानं ही प्रथा ऑफिसच्या ईमेलवर आणली. उत्तरं उशिरा देणाऱ्या पुण्याच्या साहेबांना त्यानं ‘कुंभकर्णाचे मावसभाऊ’ केलं आणि मेल सगळ्यांना पाठवून दिली.

पुण्यातल्या दोघातिघांनी लगेच, पण फक्त आम्हा दोघांना, लिहिलं, ‘जबरदस्त! अजून येऊ द्या.’

साहेबांचं उत्तर सावकाश आलं: ‘आपली प्रतिभा थोर आहे. आमचं लहानसं कार्यालय तिला अपुरं पडतंय, याचं वाईट वाटतं.’

दादानं ते मोठ्यानं वाचलं. “देखा भिया! साहेब खुश झाले. तू तर म्हणत होता, चिडतील.”

“दिल का अच्छा आदमी है,” मीही म्हणालो.

आमच्याकडे राग आला की माणूस तोंडावर शिव्या देतो आणि संध्याकाळी सोबत कचोरी खातो. चिडलेला माणूस कौतुक लिहून पाठवतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. दादानं साहेबांचे आभार मानले आणि पुढच्या वर्षी याहून मोठी उपाधी द्यायचं कबूल केलं.

महिनाअखेरीस त्याला कामावरून काढलं. ताकीद मिळूनही उद्धटपणा चालू ठेवला, असं कारण होतं. सोबत सहकाऱ्यांच्या तक्रारी जोडल्या होत्या. ‘अजून येऊ द्या’ म्हणणारेच त्यात दुखावले गेले होते.

“ताकीद कब दी यार?” दादा विचारत राहिला. मी त्याला साहेबांची ती मेल पुन्हा उघडून दाखवली.

त्यानं ती हळूहळू वाचली. “ये गाली थी क्या? मग सीधी द्यायची ना. मी माफी मागून घेतली असती.”

पुढच्याच आठवड्यात तक्रार करणाऱ्यांपैकी एकानं मला लिहिलं, ‘हल्ली इंदूरहून काही गंमत येत नाही.’

मी ती मेल पुसून टाकली. त्या दिवशी माझा डबा भरलेलाच घरी परत गेला.