उघडणाऱ्यासाठी भरलेली बॅग

नसीर शेख परदेशी जाताना बॅग भरत ती स्वतःसाठी नाही, तर जो ती उघडून बघणार त्याच्यासाठी. कपडे पारदर्शक पिशव्यांत, वायरी वेगळ्या गुंडाळलेल्या, गोळ्यांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी. कुलूप कधीच नाही. आणि सगळ्यात वर चड्ड्या. "तपासणारासुद्धा माणूसच असतो, काळे," ते म्हणत. "चड्ड्या दिसल्या की हात जरा आखडतो."

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही शेजारी बसायचो. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. बुधवार पेठेत त्यांच्या वडिलांचं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तिथल्या गिऱ्हाइकांत वाढल्यामुळे त्यांचं मराठी माझ्यापेक्षा चोख होतं. ऑफिसात नवीन आलेला कुणी 'पानी' म्हणाला, की ते मान वर न करता म्हणायचे, "पाणी म्हणा. तहान लवकर भागते."

अमेरिकेतले ते दोन मनोरे पडून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा आम्हा दोघांना तिकडच्या एका ग्राहकाकडे जायचं ठरलं. माझा पहिलाच विमानप्रवास. मला झोप लागेना. विमान पडेल, इंग्रजी समजणार नाही, पासपोर्ट हरवेल. एका रविवारी नसीरभाई घरी आले आणि माझी भरलेली बॅग त्यांनी पलंगावर उलटी केली. बायकोने दिलेलं मेतकूट हातात धरून म्हणाले, "वहिनी, ही पिवळी पूड काय आहे, हे हा माणूस इंग्रजीत सांगू शकेल का?" बायको हसली. मेतकूट घरी राहिलं. तळाशी दगडूशेठ गणपतीचा छोटा फोटो होता. तो त्यांनी पुसून, जपून परत ठेवला.

"तुम्ही काय नेता असं?" मी विचारलं.

"प्रार्थनेचं पुस्तक आधी न्यायचो. आता नाही. पाठ आहे मला. बॅगेत कशाला?"

ते इतक्या सहज बोलले, की ते घाबरलेत हे मला कळायला क्षणभर वेळ लागला. मग त्यांनी आमच्या कामाच्या सीडीची दुसरी प्रत माझ्या बॅगेत घातली. "तिथे मला बाजूला घेतलं, तर तुम्ही थांबायचं नाही. ग्राहकाच्या गावी जाणारं पुढचं विमान पकडायचं. सकाळी ग्राहकासमोर कुणीतरी उभं राहिलं पाहिजे. बाजूला घेतलंच, असं धरून चाला."

आणि तसंच झालं. अमेरिकेत उतरल्यावर माझ्या पासपोर्टवर शिक्का बसला. शेजारच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने नसीरभाईंचा पासपोर्ट दोनदा उलटून पाहिला आणि त्यांना एका बंद दाराकडे नेलं. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला ओळख दाखवावी लागू नये म्हणून पाहिलं नसावं.

सामानाच्या पट्ट्यावरून मी दोन्ही बॅगा उतरवल्या. मग लक्षात आलं, की एका बॅगेवर मोठ्या अक्षरांत 'शेख' लिहिलंय आणि ती माझ्या हातात आहे. कमरेला पिस्तूल लावलेला एक शिपाई कुत्रा घेऊन फिरत होता. मी नावाची पट्टी आतल्या बाजूला वळवली आणि खुर्चीत बसलो. पुढच्या विमानाची वेळ जवळ आली. उठायला हवं होतं, पण मी बसूनच राहिलो. त्या लांबलचक दालनातून एकट्याने पुढे जायचं, एकट्याने बोलायचं, हे मला जमणारच नव्हतं. ते सुटतील का? न सुटले तर या बॅगेचं काय सांगू? माझं काय होईल? माझी काळजी पुन्हा पुन्हा माझ्यापाशीच येत होती.

विमान गेलं. त्यानंतर बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि ते बाहेर आले. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, चेहरा राखेसारखा. बॅगेपाशी आले आणि नावाची पट्टी त्यांनी सरळ केली. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "तुम्ही अजून इथेच? माझं सगळं पॅकिंग वाया घालवलंत की."

आत काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगितली ती दुसरीच गोष्ट: काळे माझ्यासाठी थांबले. ऑफिसात सांगितली, घरी सांगितली, मुलीच्या लग्नात तर व्याह्यांना माझा हात धरून सांगितली. प्रत्येक वेळी मी मान खाली घालायचो आणि लोकांना तो विनय वाटायचा.

निवृत्तीनंतर ते वाघोलीला राहायला गेले. तिथे आजारी पडले. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा मी भेटायला गेलो. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, या भीतीने एका दमात बोललो. "नसीरभाई, मी तुमच्यासाठी थांबलो नव्हतो. एकट्याने पुढे जायची हिंमत नव्हती."

त्यांनी डोळे उघडले. "हे सांगायला वाघोलीपर्यंत आलात? एवढ्या ट्रॅफिकमधून?"

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"माहीत आहे मला. त्या खुर्चीत तुम्ही जीव मुठीत धरून बसला होतात. मी आंधळा होतो का?" थोडा दम घेऊन ते म्हणाले, "पण आत बसलो होतो ना, तेव्हा मला वाटत होतं, बाहेर कुणीही नसेल. दार उघडलं, तर तुम्ही होतात. का होतात, ते तुमचं तुम्ही बघा. माझं तेवढ्यावर भागलं."