विहिरीची बारी आणि माझं फंक्शन

शेलूबाजारहून आमच्या गावाकडे येणाऱ्या जीपमध्ये माझ्याबद्दल दोन मतं होती. काहींच्या मते मी बँकेचं काहीतरी ऑनलाइन करते. बाकीच्यांच्या मते मला पुण्यातून काढून टाकलंय आणि घरचे लाजेखातर बोलत नाहीत. खरं म्हणजे मी घरी बसून स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहिते. संगणकांच्या जाळ्यावर ठेवलेला हा एक करार असतो. एकदा वर चढवला की तो कोणालाच बदलता येत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. त्यात फंक्शनं असतात, प्रत्येकाला एक नाव आणि एक काम. काम करून घ्यायचं तर त्याला नावानं हाक मारायची. फंक्शन आधी बघतं की हाक मारणारा हक्काचा आहे का. असेल तर काम करतं, नसेल तर परत पाठवतं. ओळखपाळख, भीडभाड काही नाही. मला हे फार आवडायचं, कारण माणसांशी माझं इतकं सरळ कधी जमलं नाही.

आमच्या आणि चाचांच्या, म्हणजे बाबांच्या जन्माच्या दोस्ताच्या, शेताच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सामाईक विहीर आहे. इकडे बाबांचा गहू, तिकडे चाचांचा संत्र्यांचा बगीचा. पाण्याची बारी ठरवायची पद्धत अशी की धुऱ्यावरून एकानं ओरडायचं, "आता तू घे," आणि दुसऱ्यानं हात वर करायचा. एक नियम मात्र दोघंही पाळायचे. दुसऱ्याची बारी चालू असली की विहिरीकडे फिरकायचं नाही, घाई केल्यासारखं दिसतं. या पद्धतीवरून दोघांत कधी भांडण झालं नव्हतं. आणि तेवढ्यासाठीच मला ती सुधारावीशी वाटली. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात. मी तर विहिरीलाच लावल्या.

कॉन्ट्रॅक्टमध्ये मी दोन फंक्शनं लिहिली. एक मोटर चालू करायचं आणि दुसरं बारी सोपवायचं. ज्याची बारी त्यालाच मोटर चालू करता येणार, आणि त्यानंच सोपवली तर ती दुसऱ्याकडे जाणार. मधे तिसऱ्या कोणाचा हात नाही, माझाही नाही. स्वतःला अधिकार न ठेवण्याचा मोठेपणा मी मुद्दाम केला होता. माझ्या धंद्यात तो फार वाखाणला जातो. शेलूबाजारच्या मोटर रिवायंडिंगवाल्याकडून स्टार्टरला एक डबा जोडून घेतला, कॉन्ट्रॅक्टनं हो म्हटलं तरच मोटर चालू करणारा. दोघांच्या फोनमध्ये दोन-दोन बटणं टाकून दिली. बाबा म्हणाले, बरं. चाचा म्हणाले, लेकीनं केलंय तर चालू दे. लाडानं म्हटलेलं ते वाक्य मी अभिप्राय म्हणून माझ्या कामाच्या ग्रुपवर इंग्रजीत टाकलं.

हाक मारणारा हक्काचा नसेल तर फंक्शन त्याला परत पाठवताना एक ओळ दाखवतं. बाकीचे लोक तिथे काहीतरी रुक्ष इंग्रजी खरडतात. मी म्हटलं, आपण आपल्या माणसांसाठी लिहितोय. बराच विचार करून, शुद्धलेखन तपासून मी लिहिलं, 'ही बारी तुमची नाही. कृपया वाट पाहावी.' त्या 'कृपया'चा मला अभिमान वाटत होता.

संत्र्याला बहार धरायचा तर हिवाळ्यात झाडांचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होऊ लागली की ताण तोडायचा, म्हणजे पहिलं पाणी सोडायचं, की झाड फुलावर येतं. उशीर झाला तर पानं गळतात आणि बहार हातचा जातो. चाचांचा बगीचा त्या पाण्यावर आला, तेव्हा बारी बाबांची होती. बाबांनी धुऱ्यावरून ओरडून सांगितलं की आता तू घे, माझा गहू थांबते. चाचांनी हात वर केला. बाबा आत्याकडे लग्नाला रिठदला निघून गेले. त्यांच्या दृष्टीनं बारी सोपवून झाली होती. बोलून झाल्यावर पुन्हा फोन काढून तेच सांगायचं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

रिठदला आत्यानं त्यांना लवकर सोडलं नाही. परत आले ते विहिरीकडे गेलेच नाहीत, कारण बारी चाचांची. चाचा संध्याकाळचा चहा प्यायला यायचे, तेही येईनात. बाबांना वाईट वाटलं. आपला गहू मागे ठेवून पाणी दिलं आणि हा साधा घरीही फिरकत नाही, असं ते आईजवळ बोलले. गहू सुकत होता, संत्री सुकत होती आणि मधे विहीर तुडुंब भरलेली होती. मी घरात बसून एका ऑनलाइन भाषणाची तयारी करत होते. विषय होता, विश्वासाशिवाय व्यवहार.

भाषणात दाखवायला फोटो हवा म्हणून मी विहिरीवर गेले. डब्याचा छान फोटो काढला. मग बगीच्याकडे बघितलं. झाडांखाली पानांचा सडा पडला होता आणि चाचा बांधावर नुसते बसून होते. मी विचारलं, ताण अजून तोडला नाही का. त्यांनी फोन काढून माझ्यापुढे धरला. माझी शुद्ध, तपासलेली ओळ पडद्यावर होती.

"बाबाले सांगजो," चाचा म्हणाले, "नाई द्याचं होतं तं तोंडानं सांगाचं होतं. फोनवर लिहून कायले पाठोलं?"

त्यांना ते बाबांनी पाठवलंय असं वाटत होतं. चाचा, ते बाबांनी नाही, मी लिहिलंय, तुमच्यासाठी नाही, कोणासाठीही, असं काहीतरी मी बोलले. माझ्या कानालाही ते खोटं वाटलं. मग मी घराकडे पळत सुटले.

बाबा जेवत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं आणि म्हटलं, आता फक्त फोनवरून बारी सोपवा. त्या सगळ्या प्रकरणातला माझा हा एकच योग्य सल्ला, तो कोणी ऐकला नाही. बाबा ताटावरून उठले, पक्कड घेतली आणि चालू लागले. विहिरीवर जाऊन त्यांनी डब्याच्या तारा तोडल्या, स्टार्टर पूर्वीसारखा जोडला आणि मोटर चालू केली. मी धावत मागे पोचले तोवर पाणी दांडातून बगीच्याकडे निघालं होतं. बाबा स्वतः फावड्यानं चाचांच्या झाडांची आळी फोडत होते. चाचा बांधावरून उठून त्यांच्या जोडीला आले होते. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते.

त्या साली बहार जेमतेमच आला. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे सगळं गोड झालं असा कोणाचा समज नको.

मला राहवेना. सगळं माझ्यामुळे झालं होतं, आणि तरी मला राग चाचांचाच येत होता. हाकेच्या अंतरावर घर, जन्माची दोस्ती आणि एक प्रश्न विचारता येऊ नये? मी म्हटलं, "चाचा, पण तुमी बाबांना एकदा विचारलं काहून नाही?"

"बेटा," चाचा म्हणाले, "तुह्या बापानं मले आजलोक कशाले नाई म्हटलं नोतं. पयल्यांदा म्हटलं. आता त्याले कारन कोन्या तोंडानं इचारू?"

बाबांचं फावडं थांबलं. ते वळले.

"शिव्या देजो मले," ते चाचांना म्हणाले, "घरी येऊन चार लोकात देजो. पन असा गप राहू नको, भाई."

चाचांनी मान डोलावली आणि पुढच्या झाडाचं आळं फोडायला वाकले. बाबा त्यांच्या मागे गेले. मी फावडं मागायला हात पुढे केला, तो कोणाला दिसला नाही.