दूध केंद्रावरून धावणारी

वाशीला आमची सोसायटी नवी होती तेव्हा थंडीत पहाटे धावणारी बाई एकच, माझी शेजारीण. खाडीवरून बोचरा वारा यायचा. ती कानांवर मफलर बांधायची, नवऱ्याचा स्वेटर घालायची आणि पायांत मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट. ते मोठे होत, म्हणून पुढे कापूस कोंबलेला. बोलणं तुटक. “बरी आहेस?” एवढं विचारायची आणि उत्तरासाठी थांबायची नाही.

तिचा रस्ता दूध केंद्रावरून जायचा. मी बाटल्या घेऊन रांगेत असायची. “घरात कामं नाहीत वाटतं,” असं कुणीतरी रोज म्हणायचंच.

एकदा रांगेसमोरच ती खडीवरून घसरली आणि तिचा पाय मुरगळला. तळमजल्यावरचे काका म्हणाले, “झालं! आता बसेल घरी.”

दुसऱ्या दिवशी ती आली. घोट्याला बँडेज, आणि ते सगळ्यांना दिसावं म्हणून सलवार वर दुमडलेली. धावत नव्हती, पण चाल ताठ होती.

“पडलात ना वहिनी? सांगत होतो,” काका म्हणाले.

“पडले की. रांगेत उभा असलेला माणूस कशाला पडेल, काका?”

रांग हसली, काकासुद्धा. ही माझी शेजारीण आहे, याचा मला फार अभिमान वाटला.

दूध घेऊन मी कोपऱ्यावर वळले, तर ती नाल्याच्या कठड्यावर बसलेली. चेहरा पांढराफटक.

“इथून त्यांना दिसत नाही ना?”

“नाही.”

“मग धर मला. पाऊल टेकवत नाहीये.”