अर्धा पियाला आणि जाड अक्षर

बेगायिम माझी धाकटी जाऊ. आम्हा किर्गिझ लोकांत धाकट्या मुलाने आईबापांच्याच घरी राहायचं असतं. म्हणून बिश्केकच्या कडेच्या त्या घरात ती अडकली आणि मी दोन वर्षांत गल्लीपलीकडे सुटले. सुटले म्हणते खरी, पण सासूबाईंची हाक तिथवर पोचते.

पोरगी प्रोग्रामिंग शिकलेली. नोकरीचं नाव काढताच सासूबाई म्हणाल्या, "आणि चहा कोण ओतणार?"

"आपा, घरबसल्या होतं हे काम. उंबरासुद्धा ओलांडायला नको," बेगायिमने सासूबाईंना गोड बोलून पटवलं; आपा म्हणतो आम्ही त्यांना. मला, म्हणजे मोठ्या जावेला, ती एजे म्हणते. मला मात्र अंगणात हळूच म्हणाली, "एजे, महिनाभरच घरून. कंपनीला काम आवडलं, की शहरातल्या ऑफिसात टेबल देणार. रोज सकाळी बाहेर! मला इथे श्वास कोंडतो हो."

महिना सोपा नव्हता. पियाला काठोकाठ भरणं म्हणजे पाहुण्याला 'आता उठा' सांगणं, म्हणून आमच्याकडे चहा अर्धाच ओततात आणि सून सारखी उठत राहते. त्यात आपांच्या भाच्याचं लग्न. पाहुण्यांच्या याद्याही हिनेच टाइप करायच्या. यादी किर्गिझमध्ये, काम इंग्रजीत. घाईत कीबोर्ड बदलायचा राहून जाई. किर्गिझ आम्ही रशियन लिपीत लिहितो; त्यातला आमचा 'स' आणि इंग्रजी 'सी' दिसायला जुळ्या बहिणी, बसतातही एकाच कळीवर. कामात एक 'स' घुसला की प्रोग्राम बंद! चूक डोळ्यांसमोर असायची आणि दिसायची नाही. दोनदा झालं तसं. तिच्या वरच्या साहेबाने, दानिलने बजावलं, तिसऱ्यांदा झालं तर ऑफिसात येऊच नकोस.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकच ओळ दहा तऱ्हांनी लिहिलेली.

"काय गं, डोळे तपासायला बसलीस की काय?"

"फॉन्ट निवडतेय, एजे. प्रत्येक अक्षराला सारखीच जागा देणारा हवा, नाहीतर ओळी एकाखाली एक बसत नाहीत. ह्यात शून्य आणि ओ सारखेच दिसतात, नको. त्यात एक आणि एल. तोही नको."

शेवटी तिने निवडला त्या फॉन्टबद्दल ऐकून मी कपाळावर हात मारला. त्यात आमची अक्षरंच नव्हती!

"म्हणून तर घेतला," ती हसली. "नसलेलं अक्षर कॉम्प्युटर दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणतो. तो दुसरा मी मुद्दाम जाड्या ठेवलाय. बघा."

तिने आमचा 'स' दाबला. बारीक अक्षरांच्या रांगेत तो ढेरपोट्या पाहुण्यासारखा उठून दिसला.

"आपल्यातलाच कोण दगा देतोय, ते आता लगेच कळेल," ती म्हणाली. शून्याच्या पोटात ठिपका घातला, ओळींमध्ये थोडी मोकळी जागा सोडली, आणि चहाच्या समोवारकडे धावली.

तिसरी चूक झाली नाही. महिना संपला त्या दुपारी आम्ही चहाला बसलो असताना निरोप आला. तिने मोठ्याने वाचला: सोमवारपासून ये, खिडकीजवळचं टेबल तुझं.

आपांनी भाकरीचा तुकडा मोडला. "उंबरा ओलांडायला नको, असं तूच म्हणाली होतीस ना? मग इथेच कर. इथेही खिडकी आहे."

"आपा, पण..."

"जायचं तर जा बाई. मग माझा चहा कोण ओतणार? ही?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

बेगायिमने माझ्याकडे पाहिलं. 'मी ओतेन' एवढे दोन शब्द हवे होते. माझ्या डोळ्यांपुढे ते अर्धे अर्धे पियाले आले, ते उठणं, बसणं, पुन्हा उठणं. लाज वाटली, तरी तोंड उघडलं ते असं: "माझा चहा निवला गं."

ती माझ्याकडे बघत राहिली, पडद्यावरच्या त्या जाड्या अक्षराकडे बघायची तशी. मग उठली, माझा पियाला घेतला आणि काठोकाठ भरून माझ्यापुढे ठेवला.