टोकाला गेलेला मणी

आमच्या ताईचं काम सांगितलं की लोक हसतात. सिगरेट सोडायला आलेल्या माणसाला खरंच सोडायची आहे का, आणि किती मनापासून, हे ती मोजते. "वजनकाट्यावर उभं करतेस का गं?" असं मीही पहिल्यांदा विचारलं होतं. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. ताईचं बघणं पुरतं.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेला लागून तिची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या आणि सुताराकडून करून घेतलेली मोजपट्टी. म्हणजे लाकडी चौकट, त्यात आडवी तार आणि तारेत ओवलेला पितळी मणी. एक टोक म्हणजे 'सोडायची अजिबात इच्छा नाही', दुसरं म्हणजे 'आत्ता सोडतो'. शून्य ते दहा आकडे आहेत, पण फक्त ताईच्या बाजूला कोरलेले. समोरच्याने डोळे मिटायचे आणि बोटाने मणी सरकवायचा. "तोंड बायकोला बरं वाटावं म्हणून बोलतं," ताई म्हणते, "बोटाला बायको नसते."

मणी थांबला की तिचा ठरलेला प्रश्न येतो. पाचावर थांबला तर 'अजून पुढे का नाही' असं ती विचारत नाही. "दोनवर का नाही थांबलात?" असं विचारते. मग माणूस आपणहून कारणं सांगायला लागतो. जिन्यात दम लागतो, नातीला वास आवडत नाही, असं काहीबाही. कारणं त्याच्याच तोंडून निघाली की ताई त्याच दिवशी त्याला ठेवून घेते, म्हणजे सोडवायचं काम सुरू करते.

फक्त दहावर तिचा विश्वास नव्हता. मणी पार टोकाला नेणारा माणूस घाबरून नेतो, असं तिचं म्हणणं. भीती ओसरली की तो परत पाकीट उघडतो आणि वर तोंड लपवतो. म्हणून दहावाल्याला ती घरी पाठवायची. "पुढच्या आठवड्यात या, तेव्हा मणी कुठे थांबतो ते बघू." बऱ्याचदा सात-आठवर थांबायचा, आणि मग ती काम सुरू करायची.

आता घरचं सांगते. मी ताईकडेच राहते, लग्नाच्या फंदात पडले नाही. आमचे भावोजी सिगरेट ओढतात, आणि तीही गॅलरीत उभं राहून, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो उजेडावर धरून स्पष्ट सांगितलं होतं, आता सोडली तर माणूस राहील. गावभर लोकांची सोडवणाऱ्या ताईने नवऱ्यापुढे मात्र मोजपट्टी एकदाही ठेवली नव्हती. मी खनपटीला बसले तेव्हा म्हणाली, "आणि शून्य आलं तर? मग मी काय करू?"

तशात तो लिफ्टवाला आला. एका मोठ्या ऑफिसात लिफ्ट चालवायचा. तोंडाचा वास साहेबलोकांना येऊ नये म्हणून सतत लवंगा चघळायचा, खोलीभर लवंगेचा वास सुटला होता म्हणे. त्याने डोळे मिटले आणि मणी थेट टोकावर आपटला. ताईने नेहमीप्रमाणे पुढच्या आठवड्यात बोलावलं. तो उठला नाही. म्हणाला, "शेवटच्या मजल्यावर आलोय, बाई. आता परत खाली कुठे पाठवता?" ताई हसली आणि तिने पुढच्या माणसाला आत बोलावलं.

आठवड्याने त्याच्या जागी त्याची बायको आली. लिफ्टमधल्या स्टुलावर बसल्या बसल्याच तो गेला होता. "बाईंनी आठवड्याची मुदत दिलीय, तोवर ओढून घेतो असं म्हणायचे," एवढं सांगून ती गेली. ताईने हे फक्त मला सांगितलं, तेही स्वयंपाकघराचं दार लावून. भावोजींना यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी खोली उघडली की मणी दहावर असायचा. ताई निघताना तो शून्यावर ठेवून कुलूप लावायची. मी म्हटलं, तार ढिली झाली असेल, घरी आण, बघते. मी कसली घाबरते! तार ताणून बसवली, चौकट सपाट टेबलावर ठेवली आणि मणी मधोमध दोऱ्याने करकचून बांधला. सकाळी मणी दहावर होता. दोरा टेबलावर पडला होता, गाठ न सुटलेली. टेबलाची खुर्ची बाहेर ओढलेली होती, आणि आमच्या घरात कुणी लवंग तोंडात धरत नसताना तिथे लवंगेचा वास येत होता. ती खुर्ची आत सारायला मी काही गेले नाही, खोटं कशाला सांगू.

त्या रविवारी दुपारी भावोजी गॅलरीतून खोकत खोकत आत आले आणि नेमके त्याच खुर्चीत बसले. "हेच का तुझं ते यंत्र? माझंही मोज की," ते थट्टेने म्हणाले. ताई पुढे धावली. ती नको म्हणेपर्यंत त्यांनी डोळे मिटले होते.

मणी सरकला. मध्ये कुठेही न अडखळता गेला आणि टक् करून टोकावर आपटला.

भावोजी डोळे मिटूनच म्हणाले, "शेवटचा मजला आला, बाई."

ताईला जन्मात त्यांनी बाई म्हटलेलं नाही, 'अगं'च्या पुढे त्यांची गाडी जात नाही. पण ताईला इतक्या वर्षांची सवय, तिने ठरलेला प्रश्न विचारला. "नऊवर का नाही थांबलात?"

"नऊवर थांबलो असतो तर त्याच दिवशी ठेवून घेतलं असतंत."

ताईने त्यांचा हात मण्यासकट घट्ट धरला. "आज ठेवून घेते," ती म्हणाली. "आत्ता. कुठे पाठवत नाही." आणि ती रडायला लागली.

भावोजींनी डोळे उघडले. "अगं, काय झालं? किती आले मला?" ते गोंधळून विचारत होते. शेवटचा मजला वगैरे त्यांना काही आठवत नव्हतं.

सिगरेट त्या दिवशी सुटली ती सुटलीच. नवा फोटो बघून डॉक्टरही खूश आहेत. मणी आता ठेवू तिथे राहतो, आणि दहावाल्यांना ताई दारातूनच आत ओढते.

परवा कपडे धुवायला काढताना भावोजींच्या खिशात मूठभर लवंगा निघाल्या. मी त्या ताईसमोर धरल्या. तिने शांतपणे त्या माझ्या हातून घेतल्या आणि शर्ट वाळल्यावर परत खिशात ठेवल्या.

"विचारू नकोस त्यांना," ती म्हणाली. "सुटली ना? मग कुणी का सोडवली असेना."