ओल्या फरशीवरची पावलं

दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या प्रत्येक बाईला मावशीच म्हणतात. ही मात्र माझी सख्खी मावशी. मी तिथेच केसपेपर काढते. नसांच्या आजारांच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेरचा लांब बोळ ती बावीस वर्षं पुसत आली, अनवाणी आणि उलटी, मागे मागे सरकत. आपले ठसे आपणच पुसत जायचे. "पुसलेल्यावर चालेल तो गाढव," असं ती डॉक्टरांनाही सुनवायची.

पेशंट चालायचेच, आणि ती त्यांचे ठसे वाचायची. एक पाय अर्धगोल फिरवत ओढलेला, म्हणजे अर्धांगवायू होऊन गेलेला. पाय फाकून वेडेवाकडे पडलेले, म्हणजे मेंदूतून तोल गेलेला. एकमेकांलगत पडलेली, खुरडलेली पावलं, म्हणजे कंपवात. डॉक्टरांनी तपासायच्या आधीच ती मला हळूच सांगायची, आणि चुकायची नाही. मला त्याची भीतीच वाटायची. तिच्यासमोर मी जपून चालायचे.

त्या दुपारी शेवटचा पेशंट गेला आणि मी बोळाच्या दाराला आतून कडी घातली. मावशीने बोळ पुसला, पण कधी नव्हे ती बादली पलीकडच्या टोकाला विसरली. चरफडत ओल्यावरून गेली, बादली उचलली, वळली आणि थबकली.

"दार उघडलंस का गं?"

"नाही. का?"

"मग हा आला कुठून?"

फरशीवर ठशांची रांग होती. उजवं पाऊल स्वच्छ. डाव्याच्या मागे दर वेळी बोटांनी ओढलेली लांब रेघ. बोळात तर आम्ही दोघीच होतो.

मावशी सवयीने वाचू लागली. "डावा पंजा उचलत नाही. कमरेतली नस दबली असणार. लवकर दाखवलं तर निभावेल, नाहीतर..."

रांग तिच्यापाशीच संपत होती. मग तिने डावं पाऊल शेवटच्या ठशावर ठेवलं. ते नेमकं बसलं.

तिने ठसे पुसायला पोछा पुढे सरकवला. "कुणाला सांगू नकोस. घरी बसवतील मला."

मला तिचा भयंकर राग आला. भिंतीकडेने धावत जाऊन मी पोछ्यावर पाय दिला आणि डॉक्टरांना हाक मारली.

ते खोलीतून बाहेर आले, ठशांवर वाकले. "पंजा पडलाय याचा. कधी गेला हा पेशंट? आत्ता परत बोलवा."

फरशी सुकत चालली होती. मी मावशीकडे पाहिलं. तिने पोछ्याची काठी सोडून दिली.

"गेला नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "इथंच उभा आहे."